विसर्जनाच्या दिवशीचे ट्रक

आमच्या जुन्या कॉलनीच्या ग्रुपमध्ये ती गोष्ट मीच सांगायची, असा पायंडा पडून गेलाय. वर्षातून एकदा, एखाद्या रविवारी सकाळी आम्ही गंगापूर रोडच्या पुढे, धरणाच्या बाजूला मिसळ खायला जमतो. पूर्वी पंचवीस-तीस माणसं असायची, आता अकरा. त्यातली तीन जिना चढत नाहीत आणि दोघांना तिखट चालत नाही, तरी मिसळच हवी. दुसरा पाव आला की कुणीतरी म्हणतं, "वहिनी, ती हातगाडीची सांगा ना." मग मी पदर खोचून सांगायला लागते. खरं सांगायचं तर मला त्या गोष्टीचा कंटाळा आलाय. आता तर तिटकाराच आलाय, आणि तो का, हेच मला इथे लिहायचंय.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही आफ्रिकेतल्या एका देशात होतो. तिथे एका परदेशी कंपनीची तांब्याची खाण होती आणि हे तिच्या वाहतूक विभागात होते. गेटमधून एकही गाडी ह्यांच्या सहीच्या पासशिवाय बाहेर जायची नाही. कॉलनीत आम्ही सात मराठी घरं. क्लबच्या हॉलमध्ये एक गणपती बसवायचो, सात दिवसांचा. मूर्ती आम्ही बायकाच करायचो, तिथल्या तांबड्या मातीची. त्यामुळे दर वर्षी गणपतीचं नाक वेगळं व्हायचं. विसर्जनाला कंपनीचा ट्रक मिळायचा आणि तो चालवायला स्वतः हेड ड्रायव्हर यायचा. उंच, शांत माणूस. तो दर वर्षी मूर्तीला हात लावायच्या आधी बूट काढायचा. आम्ही कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आता गोष्ट. एका वर्षी त्या देशात लष्कराने सरकार उलथवलं. सकाळी रेडिओ लावला तर बँडचं संगीत. मग कुणी कर्नल येऊन देश ताब्यात घेतल्याचं सांगतोय. त्याच दिवशी आमचं विसर्जन. ट्रक बघायला जावं तर एकही नाही, सगळे सैन्याने उचलून नेलेले. आरती झाली, सगळे झांजा घेऊन उभे, आणि गणपतीला वाहन नाही. तेवढ्यात तो हेड ड्रायव्हर बाजारातली भाजीची हातगाडी ढकलत आला. दोन कोबी अजून तिच्यात तसेच. त्या गाडीवर गणपती. नदीच्या उतारावर गाडी हातातून सुटली, आमचे डॉक्टर "मोरया, मोरया, अहो थांबा!" करत गणपतीच्या मागे धावले. इथे सगळे हसतात. डॉक्टर आता नाहीत, पण त्यांची बायकोसुद्धा डोळे पुसत हसते.

मागच्या वर्षी मला त्या देशातून मेसेज आला. इंग्रजीत. खाणीत काम केलेल्या लोकांचा फोनवर कसलासा ग्रुप आहे, त्यातून तिला माझा नंबर मिळाला होता. ती त्या हेड ड्रायव्हरची मुलगी. आता शाळेत शिकवते. तिच्या वडिलांबद्दल बोलायचंय म्हणाली. मी आनंदाने व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, बाई, तुझ्या वडिलांची एक इतकी मजेदार आठवण आहे ना आमच्याकडे. आणि सांगितली अख्खी गोष्ट, कोबीसकट.

ती हसली नाही. विचारलं, "आंटी, तुम्ही नदीवर गेलात कशा?"

"अगं, चालत."

"रेडिओवर पहिल्याच निवेदनात संचारबंदी लागली. आठ दिवस. मी नऊ वर्षांची होते, आम्ही अंगणातही उतरलो नाही. गल्लीतला एक माणूस पाणी आणायला निघाला तर त्याला गोळी घातली. तुम्ही इतके लोक वाजतगाजत नदीवर कसे गेलात?"

तीस वर्षं ही गोष्ट सांगतेय मी. शिकलेली माणसं ऐकतायत, हसतायत, आणि एकालाही हे सुचलं नाही. मलाही नाही.

मग तिने सांगितलं की तिला काय हवंय. उठाव करणारी पलटण आमच्या खाणीजवळच्या छावणीतली. राजधानी तिथून चार तासांवर. पलटणीकडे स्वतःच्या गाड्या नव्हत्या, त्यामुळे ती कंपनीच्या ट्रकमधूनच गेली, ह्याबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते ट्रक दिले की नेले, ह्याचं. कंपनी म्हणते, उठाव झाल्यावर सैन्याने बळजबरीने नेले. गावातले लोक म्हणतात, कंपनीने आदल्या दिवशी स्वतःहून दिले आणि त्यामागे परदेशी वकिलातीची माणसं होती. पुढे सरकार बदललं, चौकशी लागली, तेव्हा कंपनीने हात झटकले. हेड ड्रायव्हर सैनिकांना सामील होता, त्याने परवानगीशिवाय किल्ल्या दिल्या, असं सांगितलं. तो चार वर्षं तुरुंगात होता. सुटल्यावर गावात कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. गेल्या पावसाळ्यात वारला. आता तिथे नवी समिती बसलीय आणि महिनाअखेरपर्यंत जबानी घेतेय. "माझी आई अजून आहे," ती म्हणाली. "तिला एवढंच ऐकायचंय, की तो चोर नव्हता."

आम्ही तो देश सोडल्यावर त्या माणसाचं काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या गोष्टीत तो कोबीची गाडी ढकलत यायचा, आणि तिथेच संपायचा.

पुढच्याच रविवारी आमची वर्षाची मिसळ होती, तिथे विषय काढला. म्हटलं, आठवा बरं, विसर्जन आधी की रेडिओ आधी? झालं, मिसळ राहिली बाजूला. एक म्हणाले, संचारबंदी फक्त राजधानीत होती. दुसरे म्हणाले, परदेशी लोकांना सूट होती. तिसऱ्यांना पक्कं माहीत की हे सगळं वकिलातीनेच घडवलं, त्यांनी वकिलातीतला एक गोरा माणूस खाणीच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर पत्ते खेळताना पाहिला होता. तो कुठल्या देशाचा, ह्यावर पुन्हा दोन मतं. डॉक्टरांच्या मिसेस मात्र चिडल्या. "त्या कंपनीने माझ्या मुलाचं ऑपरेशन केलंय विलायतेत नेऊन. खाल्ल्या मिठाला जागा जरा. आणि आपली एक छान गोष्ट आहे, ती कशाला नासवताय?" त्या दिवशी त्या पुन्हा माझ्याशेजारी बसल्या नाहीत. चाळीस वर्षांची मैत्री आहे आमची. फार लागलं मला ते.

घरी येताना रिक्षात हे गप्प. गप्प राहणं ह्यांना जमतं. परत आल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही देवळाली कॅम्पात भाड्याने राहिलो. तिकडे तोफांचा सराव चालू झाला की खिडक्या थरथरायच्या आणि हे हातातलं काम टाकून खुर्चीत बसायचे. म्हटलं, सवय नाही, म्हणून. मी तरी काय काय विचारणार होते.

पण एकदा ती हसायची गोष्ट डोक्यातून बाजूला केली आणि नुसतं आठवत बसले, तर निराळंच काही वर आलं. वाटली डाळ. विसर्जनाच्या दिवशी आमच्याकडे वाटली डाळ असते, आणि त्या वर्षी ती मी केली होती. तिकडे कढीपत्ता मिळायचा नाही, एका गुजराती बाईने कुंडीतला दिला होता. संध्याकाळी नदीवरून आल्यावर ती मी सातही घरी वाटली. उरलेली दुसऱ्या दिवशी सकाळी परतून आम्ही न्याहारीला खात होतो आणि ह्यांनी रेडिओ लावला. बँड. माझ्या हातात तो डाळीचा झारा होता. अगदी लख्ख आठवतंय.

म्हणजे विसर्जन आदल्या दिवशी. आणि विसर्जनाला ट्रक नव्हते.

मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. "अहो, विसर्जन आधी झालं. उरलेली डाळ खाताना रेडिओ लागला होता."

"तुला सगळं खाण्यावरूनच आठवतं."

"असू दे. ट्रक उठावाच्या आधीच गेले होते ना?"

"मला आठवत नाही."

"तुम्हाला पहिल्या स्कूटरचा नंबर आठवतो."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "ह्या वयात काय करायचंय तुला? कोर्टात उभं करायचंय मला? तो माणूस गेला. जाऊ दे आता."

मी विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलंच. "आपण परत आल्यावर कंपनीचं पाकीट आलं होतं. तुम्ही उत्तर लिहिलंत. मीच ते पोस्टात टाकलं. काय होतं त्यात?"

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"मसुदा त्यांचाच होता," हे म्हणाले. "पास दिले नव्हते, असा. मी फक्त सही केली."

फक्त सही. तेव्हा सातपूरला ह्यांना नोकरी लागली होती ती त्याच साहेबांच्या शिफारशीवर, हे मला माहीत होतं. आम्ही दोन मुलं घेऊन आलो होतो, हाताशी काही नव्हतं. हे सगळं मला कळतं. तरी माझा संताप झाला. चार वर्षं तो माणूस आत होता आणि ते पाकीट मी चिंचेचा गोळा आणायला जाता जाता पेटीत टाकलं होतं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग चार दिवस आमचं बोलणं बंद. म्हणजे चहा झालाय, औषध घ्या, एवढंच. सत्तरी ओलांडल्यावर अबोला धरायचाही शीण येतो हो, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्या मुलीला कॉल लावला. जबानी द्यायची ठरवलं होतं. माझी, माझ्यापुरती. टॅब डायनिंग टेबलवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. ह्यांना सकाळीच सांगितलं होतं, मी सांगणार आहे, तुमचं नाव मी घेणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. कॉल सुरू झाला तेव्हा हे बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते, दार उघडं.

ती वहीत लिहून घेत होती. समितीसाठी नंतर टाइप करणार होती. मी सगळं सांगितलं. क्लबचा हॉल, सात दिवसांचा गणपती, दुपारी ट्रकसाठी माणूस पाठवला तर यार्ड रिकामं. हातगाडी. उतार. डॉक्टर धावले ते मी गाळणार होते, पण तेही सांगितलं. मग डाळ आणि रेडिओ. वाटली डाळ म्हणजे काय, ते इंग्रजीत समजावताना माझी भंबेरी उडाली. ती पहिल्यांदाच जराशी हसली.

"तुमची खात्री आहे, आंटी? ते म्हणतील, म्हातारी बाई, तीस वर्षं उलटं सांगत होती, आज सुलटं सांगतेय."

"म्हणू देत. उलटं सांगत होते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

"किती ट्रक गेले, माहीत आहे?"

"सहा-सात असतील," मी म्हटलं.

बाल्कनीतली खुर्ची सरकली. हे आत आले, माझ्या मागे उभे राहिले, आणि टेबलाला हात टेकून वाकले. तिला ते दिसले असणार, कारण तिने पेन खाली ठेवलं.

"नऊ," हे इंग्रजीत म्हणाले. "दुपारी दोनच्या सुमाराला. पास मी दिले. साहेबांच्या केबिनमध्ये बसून नऊही पासांवर सही केली. तिथे कंपनीचा नसलेला एक गोरा माणूस होता. तो कोण, ते मला कुणी सांगितलं नाही. तुझ्या वडिलांनी पास बघून किल्ल्या दिल्या. ते त्यांचं कामच होतं."

मला वाटलं ती रडेल, किंवा ह्यांना शिव्या देईल. दोन्ही चाललं असतं मला.

"सर," ती म्हणाली, "ट्रक कशासाठी चाललेत, हे माझ्या वडिलांना माहीत होतं का?"

"नाही."

"नक्की?"

"त्यांनी मला विचारलं होतं. विसर्जनाचा ट्रक का नाही, म्हणून. मी सांगितलं, रस्त्याच्या कामाला पाठवलेत." ह्यांनी टेबलावरचा हात उचलून घेतला. "मला माहीत होतं."

हे मी तेव्हाच ऐकलं, तिच्याबरोबरच. त्या दुपारी ह्यांनी सही केली होती, आणि संध्याकाळी माझ्या शेजारी उभं राहून आरतीला झांजा वाजवल्या होत्या. ती मुलगी पेन उचलून लिहायला लागली. मी मान वळवून ह्यांच्याकडे बघणार होते, पण बघितलं नाही.