रुखवतातली एसटी आणि नवा स्पिंडल

माझ्या यादीत खरेदीची ओळ एकच होती: नवा स्पिंडल.

संगणकावर काढलेलं चित्र लाकडात कोरून देणारं सीएनसी राउटर आमच्या मागच्या खोलीत आहे. त्यातली कापणारं पातं गरगर फिरवणारी मोटर म्हणजे स्पिंडल. मशीन मी हौसेनं, सुटे भाग मागवून जोडलं. मी बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगाव या गावात राहते, शाळेत क्लार्क आहे, आणि यादी केल्याशिवाय मला कोथिंबीरसुद्धा आणता येत नाही. मशीनवर दारावरच्या पाट्या, देवघराच्या महिरपी असली बारीकसारीक कामं व्हायची. सगळं सुखात चाललं होतं. मग नांदूरघाटच्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं.

नवरदेव एसटीत कंडक्टर. भाची आली, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मामी, रुखवतात समद्यांचा त्योच थर्माकोलचा बंगला असतोय. मला लाकडाची एसटी पायजे. खिडक्यांची, शिटांची. आत आमी दोघं."

"तो बसलेला का उभा?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. "कंडक्टर हाय म्हणून म्हणलं."

"मामा, तुमी गप बसा." ती पुन्हा माझ्याकडं वळली. "मी सासरी सांगून बसलेय, मामी मशीनवर करणार हाय म्हणून."

नात सासूबाईंची लाडकी. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की एसटी झाली नाही तर मांडवात पोरीचं काय होईल, हे वेगळं बोलायची गरजच उरली नाही.

एसटीला जाड प्लाय लागणार होता, आणि माझा जुना स्पिंडल जाड प्लाय पाहिला की धापा टाकायचा. काम तोंडावर आलेलं असताना चालू मशीन उघडू नये, हे मी शाळेत सगळ्यांना ऐकवत असते. स्वतःला ऐकवायचं राहिलं. नवा, भक्कम, पाण्यानं गार होणारा स्पिंडल मागवला आणि बीडला जाऊन पार्सल घेऊन आले.

तो कलिंगडाएवढा जड निघाला. स्पिंडल धरणाऱ्या जुन्या पट्टीवर चढवला तर पट्टीनं मान टाकली. समोरच्या वेल्डिंगवाल्या शेजाऱ्यांकडून लोखंडी बैठक करून घेतली. बैठक जड झाली म्हणून ती वरखाली करणारी मोटर दमली, मोटर मोठी घेतली म्हणून तिला वीज पुरवणारा डबा अपुरा पडला. प्रत्येक वस्तू शेवटची म्हणूनच घरात आली.

"भाभी," शेजारी मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाले, "स्पिंडलच बदलला न्हवं?"

"हो."

"मग जुन्यातलं काय ऱ्हायलं?"

"टेबल."

त्यांनी टेबलावर हात दाबला. "ह्याचा बी पाय हलतोय."

तरी पाण्याचा विषय अजून निघालाच नव्हता. स्पिंडलमधून पाणी खेळवायला छोटा पंप लागतो. भर उन्हाळ्यात तो घरात एकाच जागी होता, बेडरूमच्या कूलरमध्ये. मी काढून घेतला.

"स्पिंडल गार," नवरा वहीनं वारा घेत म्हणाला, "अन् मी?"

"टॉवेल ओला करून घ्या अंगावर."

त्याचं बियाण्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची सवय आहे, म्हणून एवढ्यावर निभावलं.

पहिल्या दिवशी एसटीच्या एका बाजूच्या निम्म्या खिडक्या सुरेख निघाल्या आणि मशीन आपोआप थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा थांबलं. फळी वाया गेली. दुसरी लावली, तीही गेली. तेवढ्यात धूळ पुसायला आलेल्या सासूबाईंनी मशीनला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"अगं, हे चावतंय की!"

मी मशीन बंद करून प्लगच काढला. मग टेस्टचा बल्ब लावून बघितला. अर्थिंगच्या तारेवर तो जेमतेम मिणमिणला, म्हणजे अर्थिंग कच्चं. घर बांधताना अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला होता. त्याला अधूनमधून पाणी घालायचं असतं. ते दिवाळीपासून कुणी घातलं नव्हतं, माती भाजल्यासारखी कोरडी पडली होती. नव्या स्पिंडलची इकडंतिकडं सांडणारी वीज जमिनीत जाण्याऐवजी मशीनच्या तारांत घुसत होती, आणि मशीन बिचारं आपण टेबलाच्या टोकाला पोचलो समजून थांबत होतं.

खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या. बल्ब लख्ख पेटला, मशीनचं चावणं बंद झालं, आणि त्या दिवशी एसटीची एक बाजू पूर्ण निघाली. दुसऱ्या दिवशी खड्डा पुन्हा तहानलेला.

आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो. त्यात दोन बादल्या मातीत ओतायच्या म्हटल्यावर सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "जनावराला पाणी पाजलं, झाडाला पाजलं. आता खड्ड्याला पाजायचं?"

मी नेहमीप्रमाणे यादी काढली. पिण्याचं, स्वयंपाकाचं, भांड्यांचं, कूलरचं. कूलरला आता पंपच नव्हता, ते पाणी आधीच वाचलं होतं. शेवटी बोट आंघोळीवर आलं आणि तिथंच थांबलं. आंघोळ करू नका, असं कुणाला सांगणार?

यादी सासूबाईंनीच सोडवली. "मोरीतलं पाणी गटारात कशापायी सोडायचं? आंघोळी खड्ड्यावर करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खड्ड्याशेजारी फरशी टाकली गेली आणि नवरा त्यावर बसला. मी आत मशीनपाशी, दार उघडं.

"अहो, एक तांब्या ओता!"

"साबण लावतोय!"

"आधी पाणी, मग साबण!"

समोर शटर वर गेलं. "काय शेठ, आज अंगणातच हमाम?"

"एसटी कापतोय," नवरा डोळे मिटून म्हणाला.

"बसून?"

"तुमी वेल्डिंग करा की!"

असं रोज चाललं. एसटीची दुसरी बाजू झाली, पुढचं-मागचं तोंड झालं, शिटं झाली. फक्त वरचा टप, म्हणजे छत, राहिला होता, आणि हळदीला दोनच दिवस. त्या दिवशी नवरा पहाटेच खताच्या ट्रकसाठी गेला होता. आमच्या दोघींच्या आंघोळी भल्या पहाटे, अंधार असतानाच उरकल्या होत्या, आणि उन्हं वर येईपर्यंत तेवढी ओल खड्ड्यानं पिऊन टाकली होती. तेवढ्यात नणंदेचे यजमान जेवणाच्या यादीबद्दल विचारायला आले. चहा झाला. सासूबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"जावईबापू, आंघोळ?"

"घरून करून आलोय."

"आणखी एकदा करा."

जावईबापू कडक इस्त्रीत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टपाची फळी दाखवली.

"लेक तुमची हाय," सासूबाई म्हणाल्या, "बसा."

आमच्या घरच्या जावयानं भर अंगणात फरशीवर बसून, पिंपातलं अर्धं पाणी संपेपर्यंत आंघोळ केली. समोरचं शटर सबंध वेळ उघडं होतं आणि वेल्डिंग मात्र बंद होतं. टप एका दमात निघाला.

लग्नात लालभडक एसटी रुखवताच्या मधोमध उभी राहिली. नवरदेवानं वाकून दार डाव्या बाजूला आहे ना बघितलं, शिटं मोजली आणि खुशीत मान हलवली. भाचीला मी रडायला वेळच दिला नाही, मेकअप होता. मग नवरदेवाची आई जवळ आली. "मशीनवर केली म्हणं? आमच्या धाकटीचं ज्येष्ठात हाय. अशीच एक पायजे. किती खर्च येतोय?"

मी तोंड उघडलं. बैठकीपासून टेबलाच्या पायापर्यंत सगळी यादी मला पाठ होती.

"खर्चाचं काय न्हाई, विहीणबाई," सासूबाई माझ्या आधी बोलल्या, "पर पावसाळा लागू द्या. आमच्यात आता आंघोळीची माणसं शिल्लक न्हाईत."

विहीणबाईंनी गोंधळून शेजारीच उभ्या असलेल्या जावईबापूंकडं बघितलं. जावईबापू पंगत बघायला निघून गेले.