भिवा पेंटरची कोरी पाटी

आमच्या चिंचवडच्या अंगाच्या गावठाणात रस्त्यांना पाट्या लागल्या त्या एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास. त्याआधी गरज कुणाला होती? रावेतचा रस्ता रावेतला जायचा. रडकी चढण म्हणजे जिथं भरल्या गाडीचे बैल गुडघे टेकायचे. माझ्या चुलत्यानं तिथं एकदा अर्धा ऊस उतरवून डोक्यावर वाहिला आणि ते जन्मभर सांगत बसला! पण कारखाने आले, बिऱ्हाडं आली, पोस्टमन चुकायला लागला. नावांची यादी गावानंच करायची ठरली. माझं अक्षर बरं, म्हणून लिहिणार मी. सांगणार सोपानराव, सत्तरीचे, गावातला बांध न् बांध पाठ. रंगवणार भिवा ओव्हाळ.

भिवा कंपनीत रंगखात्यात होता. सुट्टीच्या दिवशी पाट्या करायचा. हात असा, की दोरी न मारता सरळ ओळ काढावी. अकरा पाट्या झाल्या. बारावी त्यानं कोरीच आणून चावडीत ठेवली.

"रंग संपला का रं?" सोपानरावांनी विचारलं.

"रंग हाय, अण्णा. नाव न्हाई."

ती वाट भिवाच्या वस्तीतून जाणारी. गाव तिला जातीच्या नावानं ओळखायचं. मीही सवयीनं तेच लिहिलं होतं, सांगायला लाज वाटते. इथं परत लिहीत नाही. वस्तीनं बुद्धाचा धम्म घेऊन पंधरा वर्षं झाली होती. भिवाची लेक नीला मॅट्रिक होऊन नोकरीचे अर्ज करायची. त्या पत्त्यावरून केलेल्या दोन अर्जांना उत्तरच आलं नाही. तिसऱ्यावर तिनं निघोजे गावातल्या मावशीचा पत्ता घातला. मुलाखतीचं पत्र आलं, पण हिच्या हाती पडेस्तोवर तारीख उलटून गेली होती.

"आता तेच नाव मी माझ्या हातानं लिवू?" भिवा म्हणाला. "पोरीनं काय, जल्मभर मावशीच्या दारात पत्रं मागायची?"

"अरं, जुनं नाव हाय ते. रस्ता जिथं जातो तेच त्याचं नाव. वाडवडलांनी डोकं चालवलं न्हाई, बैलांनी चालवलं."

"मंग रोज सकाळी समदं गाव भाकरीचं डबं घिऊन आमच्या वस्तीतनं कुठं जातं, अण्णा? आमच्याकडं च्या प्यायला?"

चावडी हसली. कारण कारखाने आल्यापासून स्टेशनाची जवळची वाट तीच. सोपानरावांचा धाकटा तर तिथूनच धावत गाडी गाठायचा.

सोपानरावांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. "ठेसनाला जातो," ते पुटपुटले. मग माझ्यावरच उखडले, "बघतोस काय? खोड की ते!"

भिवानं तिथंच मांडी घालून लिहिलं, 'स्टेशन रस्ता'.

म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं जुनंच नाव घेत राहिली, खोटं कशाला सांगू? भिवा प्रत्येकाला थांबवून विचारायचा, "कुठला रस्ता म्हणलात, दाजी?" आणि नीट उत्तर येईस्तोवर हलायचा नाही.

पाटी लागल्यावर महिन्याभरानं नीला अर्ज घेऊन माझ्याकडं ओळखीदाखल सही मागायला आली. पत्त्याची जागा रिकामी होती. "आण, चांगल्या अक्षरात लिहून देतो," मी म्हटलं.

"सहीच तेवढी करा, काका," ती म्हणाली. "पत्ता मी लिहिणार आहे."