निशाणाचा स्वार

लहानपणी देवासला दसऱ्याच्या स्वारीत निशाण धरून पुढे चालणारा घोडेस्वार मला फार शूर वाटे. मान ताठ, नजर समोर, मिशीसुद्धा हलत नसे. मी चारचौघांत बोलायला भिणारी. 'मला अगदी त्याच्यासारखी कर,' असे टेकरीवरच्या देवीला दरवर्षी सांगे.

लग्नानंतर एका दसऱ्याला तोच स्वार, आता म्हातारा, आमच्या घरी आपट्याचे सोने द्यायला आला.

सासरे म्हणाले, "काय भिया, तुमच्यासारखी बैठक आता कुणाची नाही."

"कसली बैठक, दादासाहेब? घोड्याची भारी भीती. पाय रिकिबीला बांधून घेत होतो. मान वळवली की खालची जमीन दिसे."

मला त्याच्या पाया पडायचे होते, पण दाराआडून बाहेर येववेना. देवीने माझे मागणे केव्हाच पुरे केले होते.