एक नंबरचं काम

आमच्या थोरल्या चुलत दिरांएवढी कामं शिराळा तालुक्यात दुसऱ्या कुणी केली नसतील, आणि मुद्द्याचं काम टाळणंही त्यांच्याएवढं कुणाला जमलं नसेल. भाऊजी पलटणीतून निवृत्त होऊन आले ते शिस्त घेऊनच. पहाटे उठायचे, दाढी करायचे आणि गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर कोळशाने दिवसाची कामं लिहायचे, नंबर घालून. संध्याकाळपर्यंत दोन नंबरपासून खालच्या सगळ्या कामांवर काट मारलेली असायची. एक नंबर तसाच राहायचा.

रिकामं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. उलट एक नंबर जितका नडायला लागायचा, तितका त्यांना बाकीच्या कामांचा जोर चढायचा. एकदा विजेच्या तारेला टेकलेली शेवग्याची फांदी तोडायची होती. कुऱ्हाडीला धार नव्हती, म्हणून कानस शोधायला ते माळ्यावर चढले. तिथे जुना पंखा सापडला. पंख्याला तेल हवं म्हणून सायकल काढली, तर ती पंक्चर. ते काढून घेऊन बाजारात गेले, तेलाबरोबर एक झाडू आणला आणि दिवस मावळेपर्यंत माळा झाडला. पंखा आजही चांगला फिरतो. फांदी आठवड्याने वाऱ्याने आपोआप पडली, तेव्हा भाऊजींनी तिच्यावरही काट मारली. आमचे मालक हसले तर म्हणाले, "हसतोस काय गड्या? काम झालं का न्हाई?"

पण एक काम दोन वर्षं एक नंबरला होतं. "हिचे डोळे." गावातल्या शिबिरात जाऊबाईंचे डोळे तपासून सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, सांगलीला नेऊन दाखवा, वेळ घालवू नका. भाऊजींनी त्याच दिवशी भिंतीवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी कागद ठेवायला पिशवी आणली. मग जाऊबाईंच्या आधार कार्डाला प्लास्टिक लावून आणलं. मग स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाड्यांच्या वेळा सुंदर अक्षरात उतरवून आणल्या. मग पाऊस लागला, मग ऊस तोडीला आला. डोळ्याला सुरी लागणार याचीच त्यांना भीती होती, हे आम्हाला कळायचं, पण बोलायचं कोण? रोज रोज कोळशाने तेच लिहायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी तांबड्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि एक नंबर कायमचा रंगवून टाकला, भोवती चौकट काढून. त्या रात्री जणू ऑपरेशन झालंच अशा समाधानाने ते जेवले.

जाऊबाईंना अक्षर येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून त्यांनी मला विचारलं, "आगं, ते तांबडं काय लिवलंय?"

"तुमचे डोळे."

"व्हय? लय मोठं लिवलंय की. मला बी दिसाय लागलंय!"

असं म्हणून त्या हसल्या. त्या तांदूळ बोटांनी चाचपून निवडायच्या आणि त्यांची पाठ वळली की मी ते पुन्हा निवडायची. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही, आणि मला ती रीत फार सोयीची होती. मालकांकडून सांगता आलं असतं. उद्या सांगू, असं मीही म्हणत राहिले.

मग पाडवा आला. गुढी उभी राहिली. जाऊबाईंनी कडुनिंब, गूळ आणि डाळ वाटून केलेली गोळी सगळ्यांच्या हातावर ठेवली. भाऊजी म्हणाले, "ठेव तिकडं. जेवल्यावर खातो."

"आवं, कडू आदी खायाचं असतंया. मागनं खाल्लं तर पोळीची बी चव जाती."

आम्ही सगळे हसलो. एवढ्यात जाऊबाईंनी गुढीच्या लुगड्याचा खाली आलेला पदर चाचपला आणि मला हळूच विचारलं, "कंचं लुगडं लावलंय गं? रंग कळंना."

लुगडं त्यांचंच होतं, लेकीच्या लग्नात नेसलेलं. मी तो पदर नीट करत राहिले. भाऊजीच म्हणाले, "तुझंच हाय की. अंजिरी." मग त्यांनी ती गोळी उचलून तोंडात टाकली आणि वर पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

"पिशवी भर. सांगलीला जायाचं."

"सणाचं? आवं, दवाखाना बंद असंल."

"मग उद्या..." भाऊजी म्हणाले आणि त्या शब्दावर स्वतःच थांबले. "न्हाई. आजच निघायचं. सांगलीजवळ माधवनगरला बहिणीकडं ऱ्हायाचं. हितनं उद्या निघायचं म्हटलं तर मला सकाळी चार कामं सुचतील."

सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. पुरणपोळ्या डब्यात घालून आम्ही एसटीत खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी भाऊजी दारात उभे होते.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल. उजव्यात काचबिंदूही झाला होता, आतली शीर सुकली होती, ती नजर परत येणार नव्हती. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढं बोलून ते कागदांकडे बघत राहिले. भाऊजी फक्त "जी साहेब" म्हणाले.

डाव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा जाऊबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आवं, मिशा किती पांढऱ्या झाल्या तुमच्या! कवा झाल्या?" भाऊजी हसले, आणि तोंड धुवून येतो म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

आता ते एक नंबरचं काम चहाच्या आधी उरकतात आणि आम्हा सगळ्यांनाही तेच ऐकवतात. उजव्या डोळ्याचं नाव मात्र काढत नाहीत. मीही काढत नाही.

डोळे दाखवायला आम्ही तिघं अजून सांगलीला जातो. स्टँडवरून चालताना भाऊजी नेहमी जाऊबाईंच्या उजव्या अंगाला असतात. त्या दर वेळी म्हणतात, "डावीकडं या की, म्हंजे दिसशीला तरी."

"गाड्या ह्या अंगानं येत्यात," भाऊजी म्हणतात, आणि तिथेच चालत राहतात.