बिनदाराचं घर

मुडबीजवळच्या आमच्या शेतात मी घर बांधलं आणि त्याला दार ठेवलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण एसटीतून जाणाऱ्यांनाही ते दिसायचं.

मला लहानपणापासून काही ठरवताच येत नाही. हॉटेलात चहा की कॉफी असं कुणी विचारलं की मी पाणी मागतो. त्यात घराच्या दाराचा प्रश्न आला. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "दार पूर्वेला." बायको म्हणाली, "रस्ता दक्षिणेला हाय. पाव्हण्यानं अख्ख्या घराला वळसा घालून यावं व्हय?" भालकीचे माझे साडू नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर वास्तुशास्त्र शिकायलेत. त्यांनी तळहातावर मोबाइल धरून होकायंत्र लावलं आणि दार पश्चिमेलाच हवं म्हणून सांगितलं. त्यांच्या मोबाइलच्या कव्हरला चुंबक होतं, त्यामुळं उत्तर दिशा दर दहा पावलांवर बदलत होती, पण साडूंसमोर ते बोलणार कोण?

मिस्त्री रोज सकाळी विचारायचा, "दरवाजा किदर छोडूं?" मी म्हणायचो, "थांब जरा." भिंती कमरेएवढ्या झाल्या, खांद्याएवढ्या झाल्या. शेवटी तो वैतागला. "दीवार चढा देतूं, बाद में फोड लेव," म्हणाला, चारी भिंती पुऱ्या केल्या, स्लॅब टाकला आणि हैदराबादला दुसऱ्या कामावर निघून गेला.

उत्तरेच्या मोठ्या खिडकीला अजून गज बसवले नव्हते. तिच्याखाली दोन दगड ठेवून आम्ही तिथूनच आतबाहेर करू लागलो. अप्पांना आत जायचं असलं की दोघांनी धरावं लागे. मीटर बसवायला आलेल्या माणसानं घराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कानडीत विचारलं, "अण्णा, बागिलु एल्ली?" दार कुठाय? मी म्हणालो, "ठरवायलोय." त्यानं मीटर खिडकीशेजारी बसवला आणि मला नमस्कार केला. तसा नमस्कार आजवर मला कुणी केला नव्हता.

राहायला आम्ही गावातल्या जुन्या घरातच होतो. नव्या घरात कडबा टाकला. त्या पावसाळ्यात आमच्या म्हशीच्या वगारीच्या, म्हणजे तिच्या लहान पिलाच्या, मागं कुत्री लागली. एका दुपारी मी वगार उचलली आणि खिडकीतून आत सोडली.

बायको म्हणाली, "आवं, तिला आत कामून टाकायलाव?"

"दोनच दिवस."

दोन दिवसांचे किती झाले ते मी मोजलं नाही. आत सावली होती, कडबा होता, कुत्र्यांची भीती नव्हती. बाहेर काढायचं रोज मनात यायचं. उन्हाळा लागला तेव्हा एकदाचा मुहूर्त लागला. तिचं डोकं खिडकीतून आलं, पुढचे पाय आले, पोट काही येईना. चौघांनी ओढलं, तर ती खिडकीतच रेलून रवंथ करू लागली. परत आत ढकलायला सहा जण लागले.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खिडकीतूनच तिला तपासलं. "तब्येत उत्तम हाय," ते म्हणाले. "हा इलाज माझ्याकडं न्हाई, गवंड्याकडं हाय."

कुणीतरी म्हणालं, खिडकीच मोठी कर. म्हणजे दार उत्तरेला. आता चारी दिशा पुऱ्या झाल्या.

मी मारुतीला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. फुलं दोनच, म्हणून उजवं पडलं तर अप्पांची पूर्व, डावं पडलं तर बायकोची दक्षिण. पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत एकही पडलं नाही आणि गुरवाला रानात जायचं होतं. दुसऱ्या शनिवारी दोन्ही एकदम पडली. गुरव म्हणाला, "दोन दारं कर." तिसऱ्या शनिवारी एक फूल सुटलं, घसरलं आणि बरोबर मारुतीच्या पोटावर मधोमध अडकलं. मी आणि गुरव तासभर त्या फुलाकडं बघत बसलो.

तेवढ्यात माय देवळात आली. माझी आई बोलते कमी.

"देवाला काय इचारायलास?"

"दार कुठं करू."

"तुझ्या घराचं दार त्याला कामून इचारायलास?"

"मग देवाचं काम काय, माय?"

"तू पहार मारशील तवा हात थरथरू द्यायचा न्हाई, तेवढं त्याचं काम. त्याला चारी दिशा सारख्याच हायेत." तिनं मारुतीच्या पोटावरचं फूल उचललं आणि माझ्या खिशात घातलं. "जा आता. जनावर कोंडलंय."

मी देवळातून नीट शेतात गेलो. पहार घेतली आणि दक्षिणेच्या भिंतीपुढं उभा राहिलो. 'मारुतीराया, चुकलो तर सांभाळून घे,' एवढंच म्हटलं आणि पहिला घाव घातला. हात थरथरला. दुसऱ्यालाही थरथरला. चौथ्या-पाचव्या घावाला थरथरायचा राहिला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी हसायला लागलो.

अप्पा खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक घावाला "पूर्व तिकडं हाय" म्हणत होते. बायको हातोडा घेऊन आली आणि शेजारी उभी राहून ठोकू लागली. भोक पडलं तसं आतून एक ओलं नाक आलं आणि पहार चाटू लागलं. मग अप्पाही उठले. "आरं, वरून न्हाई, खालून मार! वरचं डोक्यात पडंल!"

भोक पुरेसं झालं. वगार मात्र बाहेर येईना. भिंत फोडण्याइतका वेळ तिच्या विनवणीत गेला. शेवटी ती आपणहून आली, थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली, आणि उदगीरची बस तिच्यासाठी थांबली.

मिस्त्रीनं हैदराबादहून येऊन वर तुळई टाकली, चौकटीची जागा साफ केली. वास्तुशांतीला साडू आले. दारात मोबाइल धरून बराच वेळ फिरले आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, पश्चिमच आली की!" आम्ही त्यांना आग्रहानं वाढलं.

चौकट बसवताना सुतारानं विचारलं, "दार आत उघडायचं का भाईर?"

"आत," मी लगेच म्हणालो. बायको माझ्याकडं बघतच राहिली.

दार बसलं. आत उघडलं की ते नव्यानं आणलेल्या कपाटाला धडकायचं. आम्ही कपाट हलवलं.