शिऱ्याचा डबा वाजत नाही

"मशीन चालू आहे ना?" मी विचारलं.

"एकदम चालू, मॅडम," रफिकभाई म्हणाले. "नवीच्या नवी हाय."

मी त्यांच्या मुलीच्या, अल्फियाच्या, कानामागची ऐकण्याची मशीन काढली आणि बॅटरीचं इवलंसं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. मी रफिकभाईंकडे बघितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून आगपेटी काढली. आत कापसावर, सोन्याचा दाणा जपावा तशी, बॅटरी ठेवलेली.

"वाचवून राह्यलो न, मॅडम. परीक्षा असली का लावून देतो."

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. डोळ्यांचे डॉक्टर चष्म्याचा नंबर काढतात, तसं मी कान तपासते आणि त्याला बसेल अशी मशीन लावते. दवाखाना यवतमाळला, आणि अधूनमधून आर्णीच्या एका शाळेत कॅम्प; त्या दिवशी तिथेच होते. आता गंमत बघा. मशीन सरकारी योजनेतून फुकट मिळते. तिची वाटाण्याएवढी बॅटरी मात्र घरच्यांनी आणायची. ती आर्णीत मिळत नाही आणि आठ-दहा दिवसांत संपते. म्हणून मशीन अलमारीत जाऊन बसते. शिवाय या बॅटरीवरचं स्टिकर एकदा काढलं की हवा लागून ती सुरू होते. मग कानात ठेवा नाहीतर आगपेटीत, उतरायची ती उतरतेच. रफिकभाईंनी इतके दिवस जपून जपून काहीच वाचवलं नव्हतं.

रफिकभाई टू-व्हीलर मेकॅनिक. म्हणून मी त्यांच्याच भाषेत विचारलं, "गाडी महिनोन् महिने बंद ठेवली तर काय होतं?"

"जाम होते."

"पोरीच्या मेंदूचं तसंच आहे. आवाज रोज गेला नाही तर तो आवाज ओळखायलाच शिकत नाही. अल्फिया आठ वर्षांची झाली. आता वेळ घालवून चालणार नाही."

त्यांचा चेहरा पडला. मी बॅगेतली होती तेवढी बॅटरीची पाकिटं त्यांच्या हातात ठेवली. पण माझ्या बॅगेवर किती दिवस निघणार? आणि अल्फियासारखी मशीनवाली मुलं आसपासच्या गावांत बरीच होती.

शाळेच्या मुख्याध्यापिका राठोड मॅडम कामाला वाघ. मी हे सांगितलं आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. अल्फियाचा मोठा फोटो लावायचा, खाली दानपेटी ठेवायची. रफिकभाई दाराशीच उभे होते.

"मॅडम, माह्या पोरीचा फोटो लावून चंदा नोका करू. मी गरीब असन, पण माही पोरगी पेटीवर बसाले नाही आली."

"अहो, तिच्याच भल्यासाठी हाय न?" राठोड मॅडम म्हणाल्या.

"भल्यासाठीच हाय. तरीबी नोका करू."

राठोड मॅडमनी दानपेटीचा बेत सोडला. त्यांनी ठरवलेलं बदललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तोडगा काढला अल्फियाच्या वर्गातल्या वैष्णवीने. दिवस भुलाबाईचे होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. शेवटी खिरापत असते. ती बंद डब्यात आणायची, डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखलं की वाटप. वैष्णवी म्हणाली, "जो चुकला त्यानं बरणीत पैशे टाकाचे! आईनं, बाबानं, सगळ्यायनं खेळाचं. अन् बॅटऱ्या सगळ्या मशीनवाल्या पोरांसाठी."

रफिकभाईंनी जरा विचार केला. "सगळ्यांसाठी असन त ठीक. पण अल्फियाबी खेळीन. चुकली त तीबी पैशे टाकीन. फुकट नाही घेणार."

ते गेल्यावर राठोड मॅडम मला हळूच म्हणाल्या, "डब्याचा आवाज ओळखाचा खेळ हाय. तिले काहून नेऊन बसवता?"

मला मात्र आनंदच झाला होता. मशीन लावली म्हणजे काम झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कुठला आवाज कशाचा, हे कानाला शिकवावं लागतं. त्यासाठी मी पालकांना व्यायाम देते आणि पालक तो सहसा करत नाहीत. अल्फियाची आई मात्र रोज स्वयंपाकघरात डबे वाजवायला लागली. मुरमुरे, फुटाणे, साखर. इतक्या वर्षांत माझ्या सांगण्याने जे झालं नाही, ते भुलाबाईने करून घेतलं.

कोजागिरीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानात अख्खी आळी जमली. गाणी झाली आणि खिरापत सुरू झाली. काय हसले लोक! एक गृहस्थ करंज्यांना ठामपणे बटाटे म्हणाले आणि बायकोने त्यांच्याकडून सगळ्यांदेखत बरणीत पैसे टाकून घेतले. पोरं आजोबांना मुद्दाम चुकीची उत्तरं पुरवत होती. बरणी भरत होती.

आणि अल्फिया चुकतच नव्हती. मुरमुरे, बरोबर. करंजी, बरोबर. "शिरा!" तेही बरोबर. टाळ्यांचा कडकडाट झाला.

रफिकभाई माझ्याजवळ आले. डोळे भरलेले. "मॅडम, काय मशीन हाय हो! सगळं ऐकून राह्यली माही पोरगी."

मी हसले, पण माझ्या टाळ्या थांबल्या होत्या. कारण शिऱ्याचा डबा वाजत नाही.

मी अल्फियाची नजर कुठे आहे ते बघितलं. ती डब्याकडे बघतच नव्हती. समोर बायका बसल्या होत्या. प्रत्येकीने आपापल्या डब्यात काय आणलंय ते शेजारणीला गुपचूप सांगणं चाललं होतं. आवाज न करता, नुसते ओठ हलवून, म्हणजे पोरींना ऐकू जायला नको! कानाने ऐकणाऱ्यांपासून गुपित सुरक्षित होतं. पण जन्मापासून जी ओठ वाचूनच जगली, तिला सगळे डबे उघडेच होते. म्हणूनच तर तपासताना आम्ही तोंडापुढे कार्ड धरतो.

मी राठोड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या न. बाप किती खूश हाय पाहा."

बाप खूश होता, हेच तर अवघड होतं. मशीनचा उपयोग होत नसेल तर पुढचे उपाय बघायला हवे होते, आणि टाळ्यांच्या नादात पोरीचं तेवढं वर्ष गेलं असतं. खोटा रिपोर्ट मी कागदावर कधी दिला नाही, मैदानावर का देऊ?

मी उभी राहिले. "सगळ्या बायांनी पदर, ओढणी जे असेल ते तोंडावर घ्या. अल्फिया, तू पाठ करून बस."

पदर-ओढण्या तोंडावर गेल्या, अल्फिया पाठ करून बसली. रफिकभाईंच्या लक्षात आलं. "म्हणजे... तिले येतच नाही का ऐकू?"

"माहीत नाही. तेच बघतेय."

वैष्णवी नवा डबा घेऊन तिच्या मागे उभी राहिली. मी खूण केली. तिने डबा हळू वाजवला. अल्फिया हलली नाही. पहिल्या रांगेत कुणीतरी चुकचुकलं. रफिकभाई खाली बघायला लागले. मी पुन्हा खूण केली, जरा जोरात म्हणून. वैष्णवीने वाजवला.

अल्फियाची मान झटकन वळली.

तिने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि ओरडली, "फुटाणे!"

वैष्णवीने झाकण उघडलं. आत शेंगदाणे होते.

"अरेरे, चुकली बिचारी," एक काकू म्हणाल्या. "जाऊ द्या, तिच्यापासून पैशे नोका घेऊ."

"काहून नाही घ्याचे?" रफिकभाई एवढ्या मोठ्याने ओरडले की टिपऱ्या खेळणारी चिल्लीपिल्ली थबकली. "चुकली न? मंग भरीन! ऐकलं म्हणून चुकली माही पोरगी!"

अल्फियाने फ्रॉकच्या खिशातून नाणं काढलं, ताठ मानेने चालत आली आणि बरणीत टाकलं. रफिकभाई लहान पोरासारखे रडत टाळ्या वाजवत होते. पदर तोंडावरच होते, त्यामुळे रडणाऱ्या बायांची सोय झाली. माझ्याकडे पदर नव्हता.

त्या बरणीतल्या पैशांतून आणलेल्या बॅटऱ्या आता शाळेच्या कपाटात असतात. कुठल्याही मशीनवाल्या मुलाने यावं, जुनी द्यावी, नवी न्यावी. अल्फियाची मशीन सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कानात असते. फुटाणे आणि शेंगदाणे यांतला फरकही तिला आता कळतो, आणि वैष्णवीला त्याचं वाईट वाटतं, कारण बरणीत तेवढे पैसे कमी पडतात.

माझ्या फाइलमध्ये पुष्कळ रिपोर्ट आहेत. त्यातल्या ज्या उत्तराचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, ते चुकीचं आहे. आणि कुणासाठी मदत गोळा करायची असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे: त्याचा फोटो लावू नका, त्याला खेळात घ्या. आणि तो हरला, तर त्याच्याकडून पैसे घ्या.