फ्लॉपीचं कपाळ

भुजंग परभणीच्या एका छापखान्यात बायंडर. फाटकं पुस्तक त्याच्याकडं गेलं की नवरदेव होऊन परत यायचं. पण खंडेनवमीला गड्याच्या अंगात यायचं. कातर, टोचा, खळीचं पातेलं, कुणाची सुटका नाही, सगळ्यांना हळदकुंकू. एकदा मालकाच्या चष्म्यालाही लावलं. मालकांना दिवसभर गिऱ्हाईकं लालच दिसली.

त्र्याण्णव साली छापखान्यात कॉम्प्युटर आला. पिंगळीच्या सूर्यभान गुरुजींनी ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी गणिताचं पुस्तक लिहिलं होतं. ते सगळं एका फ्लॉपीत मावलं. काळी, चौकोनी, पुठ्ठ्यासारखी वाकणारी. "आता आत गेलंय की!" म्हणून हातानं लिहिलेली पानं गुरुजींच्या घरी चुलीत गेली. दिवाळी झाली की गाड्या कारखान्याला निघणार. पुस्तक त्याआधी छापून हवं.

खंडेनवमीला भुजंग ताट घेऊन फ्लॉपीपुढं बसला. हिचं कपाळ कुठं? उलटीपालटी केली, तर एका कडेला लांबट खिडकी दिसली.

"हे काय, इथं हाय!"

हळद, कुंकू, वरून अक्षता.

दसऱ्यानंतर ऑपरेटर वाल्मीकनं फ्लॉपी मशीनीत घातली. खर्रर्र झालं आणि सगळं गप.

"काका, काय केलं हिला?"

"पूजा."

"पूजा न्हाई, तेरावं घातलं तुमी!"

गुरुजी धावत आले, ऐकलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. "दोन वर्षं लिहिलं रे, भुजंगा. लेकरांला काय देऊ आता?"

भुजंगला घास गोड लागेना. शेवटी फ्लॉपी घरी नेऊन त्यानं रापीनं तिची कड उसवली. आतून तपकिरी, गोल, पातळ चकती निघाली.

बायको तानुबाई वाकून बघू लागली. "ह्याच्यात गणित हाय? मंग इतकं पातळ कसं?"

"लेकरांचं हाय. इरकलीवरचा डाग कशानं काढतीस?"

"रिठ्यानं."

दोघांनी मिळून गणिताला रिठ्याच्या पाण्यात न्हाऊ घातलं, सावलीत वाळवलं. मग भुजंगनं कोऱ्या फ्लॉपीचं पोट रिकामं करून चकती तिच्यात बसवली. जुन्या पुस्तकाला नवा पुठ्ठा. त्याचा रोजचाच धंदा.

वाल्मीकनं डोळे मिटून बटण दाबलं. खर्रर्र... आणि पडद्यावर अक्षरं उमटली: सात मोळ्या अन् आठ मोळ्या, किती झाल्या?

"पंधरा!" गुरुजी एवढ्यानं ओरडले की मालक बाहेर आले.

गाड्या निघाल्या तेव्हा पुस्तकं भांड्याकुंड्यांबरोबर वर चढली होती.

पुढच्या खंडेनवमीला भुजंगनं कॉम्प्युटरला दुरूनच हात जोडले आणि कुंकवाचं बोट वाल्मीकच्या कपाळाला टेकवलं.

"काका, मला का?"

"तुला अंघोळ घालायला उसवावं लागत न्हाई."